पोसायडनचे नाव काढून माझे लावण्याबाबत

प्रति,
माननीय नगरप्रमुख दामागेतोस,
नगरचुलीची कचेरी, बंदराच्या वर,
लिस्सोना बेट.

अर्जदार: ओनासोस, धंदा कुंभारकाम, राहणार भट्टीची आळी.

विषय: मुलगा मिक्कोस याच्या बापाच्या जागी असलेले समुद्रदेव पोसायडन यांचे नाव काढून तेथे माझे नाव लावण्याबाबत, आणि हे काम परवा सकाळी होडी सुटण्याआधी होण्याबाबत.

संदर्भ: (१) याच विषयावर मी आपल्या कचेरीत तीन वेळा केलेला तोंडी अर्ज.
(२) त्यावर स्मरणिक मेनिदास यांनी तिन्ही वेळा दिलेले "लक्षात ठेवतो" हे उत्तर.

महोदय,

वरील विषयाला धरून खाली सही करणारा ओनासोस आपल्यापुढे हात जोडून पुढीलप्रमाणे मांडत आहे. मला लिहिता येते ते रांजणावर गिऱ्हाइकाचे नाव कोरण्यापुरते. इतके लांब लिहिण्याची हाताला सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले पोटात घालावे. हा अर्ज ज्यावर लिहिला ते कातडे घरच्याच बकरीचे आहे. ती गाभण होती, पण परवापर्यंत दुसरे कातडे मिळण्यासारखे नव्हते.

आपल्या गावात नोंदी लिहून ठेवायची पद्धत नाही, त्या स्मरणिकांच्या डोक्यात असतात, हे मी जाणतो. परंतु माझे तिन्ही तोंडी अर्ज त्यांच्या डोक्यातून गेले, आणि माझ्या सासूबाई आठ वर्षांपूर्वी चुलीपुढे जे बोलल्या ते मात्र अक्षर न अक्षर तेथे राहिले आहे. म्हणून हा अर्ज लेखी करीत आहे. तो आपण स्वतः वाचावा. मेनिदासांकडे लक्षात ठेवायला देऊ नये, ही पहिली विनंती.

१. मूळ हकिकत अशी. मिक्कोस जन्मला तेव्हा मी घरी नव्हतो. रांजण विकायला शेजारच्या बेटावर गेलो होतो आणि उत्तरेचा वारा सुटला. हा वारा सुटला की कुणाची होडी काठ सोडत नाही, हे आपणास सांगायला नको. इकडे दहावा दिवस उजाडला. दहाव्या दिवसाच्या आत बापाने मूल उचलून चुलीभोवती धावावे, म्हणजे ते घरचे झाले. बाप नसेल तर बापाच्या भावाने काय ते ठरवावे, ही आपली वाडवडिलांपासूनची रीत. माझा थोरला भाऊ थ्रासोन याने ठरवले. जमलेल्या पाहुण्यांपुढे तो म्हणाला, "ओनासोस बुडाला, आता त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. हे पोर मी उचलणार नाही. माझीच चार आहेत, त्यांनाच पुरवता पुरवता नाकी नऊ येतात." त्याच्या नाकाचे मला ठाऊक नाही, पण त्याचा डोळा माझ्या भट्टीवर होता हे सगळ्या आळीला ठाऊक आहे.

न उचललेले मूल कोठे जाते हे लिहायला हात धजत नाही, तरी लिहिणे भाग आहे. ते रांजणात घालून टेकडीवर ठेवतात. थ्रासोनने रांजण बाहेर काढूनही ठेवला होता. तो माझ्याच हातचा होता, रुंद तोंडाचा, ऑलिव्ह खारवण्याचा.

तेव्हा माझ्या सासूबाई निकासो या चुलीपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि जे बोलल्या ते मेनिदास आपणास तोंडपाठ म्हणून दाखवतील: "हात तर लाव त्याला, बघू. हे पोर तुझ्या भावाचं नाहीच. माझी पोरगी खडकांतल्या डोहावर अंघोळीला गेली होती, तेव्हा पाण्यातून कोण वर आलं ते मला विचार. पोसायडनचं पोर आहे हे. घाल त्याला रांजणात, मग उद्या घरं हलायला लागली की माझ्या नावानं ओरडू नकोस." थ्रासोनचा हात खाली आला. जमीन हलवणाऱ्या देवाचे मूल टेकडीवर ठेवण्याची छाती आपल्या बेटावर कुणाचीच नाही. पाहुण्यांनी मान खाली घालून मध-तिळाच्या वड्या खाल्ल्या आणि ते घरी गेले. मूल वाचले. या बाईंनी खोटे बोलून मुलाचा जीव वाचवला, हे मी आज प्रथमच आपणापुढे सरळ शब्दांत लिहीत आहे.

२. मी परतलो तेव्हा दहावा दिवस उलटून गेला होता. माझी पत्नी फिलिन्ना दारातच आडवी उभी राहिली. "आत ये," ती म्हणाली, "पण बाप म्हणून येऊ नकोस." मला काही उमगेना. सगळे कळल्यावर माझे डोके फिरले आणि मी रस्त्यावर जाऊन ओरडून खरे सांगायला निघालो. सासूबाईंनी माझे वस्त्र धरले असते, पण मी भट्टीवरचा उघडा माणूस, म्हणून त्यांनी कान धरला. "मेल्या, चार दिवस आधी टपकला असतास तर मला देवाला जावई करून घ्यायची पाळी आली नसती. आता तोंड बंद ठेव. तू त्याला तुझा म्हणालास की तो न उचललेला पोर झाला. थ्रासोननं रांजण अजून आत नेऊन ठेवलेला नाही, बाहेर जाऊन बघ." मी बाहेर जाऊन पाहिले. रांजण दारातच होता.

महोदय, मी आठ वर्षे गप्प का बसलो असे मेनिदासांनी मला विचारले. त्याचे उत्तर हा रांजण आहे. दहाव्या दिवसानंतरची चूलफेरी धरली जात नाही हे मला मेनिदासांनीच त्या वेळी सांगितले होते, आणि ते त्यांच्या लक्षात असेल. तेव्हा मूल माझे म्हटले असते तर ते टेकडीवर गेले असते. आज ते देवाचे म्हणतात म्हणून समुद्रात जाणार आहे. आम्ही त्याला आगीतून काढला तो फुफाट्यातच ठेवला.

३. या आठ वर्षांत गावाने आम्हाला मान दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पोसायडनच्या उत्सवात आम्हाला पुढची जागा मिळाली, बैलाच्या मांडीचा वाटा मिळाला. मूल होत नसलेल्या बायका फिलिन्नाच्या ओढणीला हात लावून जात. मद्याच्या दुकानात मात्र मला निराळा मान होता. "काय ओनासोस, भरतीच्या वेळी घरी थांबतोस की बाहेर?" असे मला आळीतला शेंबडा माणूसही विचारी. मी हसत असे. पोराच्या जिवासाठी माणूस काय काय गिळतो, हे ज्याला पोर आहे त्यालाच कळते. मांडीचा वाटा परत करायची माझी तयारी आहे, पण तो खाल्ला गेला आहे.

मुलाला कोणी खरे सांगितले नाही. तो मला "काका" म्हणत मोठा झाला.

४. गेल्या ऑलिव्हच्या हंगामात जमीन हलली आणि बंदराचा धक्का पाण्यात बसला. आपण तो पुन्हा बांधलात, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा दगड रचताना दोन माणसे गेली. त्या दोघांची घरे मी ओळखतो, त्यांचे दुःख मला लहान करायचे नाही. मग आपण देवाचा कौल मागवलात आणि कौल आला: "पोसायडनच्या रक्तातला एक त्याला द्या, मग धक्का उभा राहील." सभेत माझ्या भावाने, थ्रासोनने, हात वर करून गावाला आठवण करून दिली की असा एक आमच्या भट्टीच्या आळीत राहतो. सभा जेवणाच्या वेळेआधी उठली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात पहारा आहे. पहारेकरी सभ्य आहे, मुलाशी हाडकांचे फासे खेळतो आणि मुद्दाम हरतो. पण बेटावरची एकही होडी मला कोणी देत नाही.

५. आम्ही आपल्या कचेरीत केलेले प्रयत्न. सासूबाई स्वतः पायऱ्या चढून वर आल्या. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, त्यांना वर यायला बराच वेळ लागला. त्यांनी आपले शब्द मागे घेतले. त्यावर मेनिदास म्हणाले, "आजीबाई, तेव्हा तुम्ही चुलीपुढं उभं राहून बोललात. आता कचेरीच्या पायरीवर बसून बोलताय. मी कुठलं खरं धरू?"

"दोन्ही वेळेला पोर वाचवायला बोलले," सासूबाई म्हणाल्या. "त्यात खोटं कुठलं ते तूच सांग. आणि पायरीवर बसून बोलते, कारण तू मला आत बसायला सांगितलं नाहीस."

मेनिदासांनी हे शब्द नोंदीत धरले नाहीत. त्यानंतर फिलिन्ना शपथेवर सांगायला तयार झाली. तिला सांगण्यात आले की बाईची शपथ घ्यायची पद्धत नाही. तिने विचारले, "मग डोहात कोण आलं होतं ते तुम्ही कुणाला विचारलंत? तिथं मी एकटीच होते." हा प्रश्न अर्जात नाही असे म्हणून तिला परत पाठवण्यात आले. तो आता या अर्जात आहे, कृपया उत्तर मिळावे.

६. मला असे कळवण्यात आले की बापाचे नाव काढायचे तर ज्याचे नाव आहे त्याचा नकार लागतो. म्हणून मी पोसायडनच्या देवळात गेलो. भर दुपारी, पुजाऱ्यांच्या समक्ष, मोठ्याने विचारले, "हा तुझा आहे का? नसेल तर सांग." लाटांचा आवाज नेहमीसारखाच येत होता. मी संध्याकाळपर्यंत उभा राहिलो. पुजारी म्हणाले, "देव गप्प आहे म्हणजे त्याला मान्य आहे." मी आठ वर्षे गप्प बसलो तेव्हा ती माझी कबुली धरली गेली. देव गप्प बसला तीही कबुलीच धरली गेली. गप्प बसण्याचा दुसरा काही अर्थ आपल्या कचेरीत निघतो का, हे कळावे.

७. आता पुरावे. मी अडाणी माणूस, पण देवांच्या प्रेमात सापडलेल्या बायकांच्या कथा मीही लहानपणापासून ऐकल्या आहेत आणि आपल्याही आजीने आपणास सांगितल्या असतील. एक गाय झाली आणि गोमाशी मागे लागून देशोदेशी धावली. एक पळता पळता झाड झाली. एक अस्वल झाली. एकीने देवाला खऱ्या रूपात पाहायचा हट्ट धरला आणि जागच्या जागी राख झाली. धडधाकट राहिलेली मला तरी आठवत नाही. माझी पत्नी आज आठ वर्षांनी पूर्वी होती तशीच बाई आहे. तिला फक्त थंडीत कंबर धरते आणि राग लवकर येतो, पण राग तिला लग्नाआधीपासून येतो.

तसेच पोसायडनची मुले. एकाला पंख होते आणि तो घोडा होता. एक कमरेखाली मासा. एक डोंगराएवढा, कपाळावर एकच डोळा, आणि दारी आलेल्या पाहुण्यांना खाणारा. मिक्कोसला डोळे दोन, पाय दोन, शेपटी नाही. तो पाहुण्यांना खात नाही, पाहुण्यांनी आणलेले खातो. त्याला पोहता येत नाही. अंघोळीचे नाव काढले की तो भट्टीमागे लपतो आणि त्याच्या आईला त्याला ओढून काढावे लागते. समुद्राच्या पोटचे पोर घागरभर पाण्याला भिते, यावरून आपणच काय ते ठरवावे.

याउलट माती हातात घेतली की तो खालचा ओठ चावतो. मीही चावतो, माझे वडीलही चावत, म्हणून आमच्या आळीत आम्हाला ओठचावे म्हणतात. पोसायडन ओठ चावतो असे मी कुठे ऐकलेले नाही.

८. येथवर मी पायरीने लिहिले. येथून पुढे पायरी सुटली तर क्षमा असावी.

महोदय, मुलगा रडत नाही. तेच आमच्याने बघवत नाही. त्याला लहानपणापासून सगळ्या गावाने सांगितले की तुझा बाप समुद्रात राहतो, म्हणून त्याला वाटते की तो बापाच्या घरी जाणार आहे. त्याने विचारले, "तिथं खाली भट्टी असेल का, काका? पाण्यात विस्तव कसा पेटवतात?" मातीचा बैल बरोबर न्यावा की तेथे खरे बैल असतील, हेही विचारले. शेवटी मी त्याला खाली बसवून सगळे खरे सांगितले. वारा, थ्रासोन, रांजण, आजी, काही राखून ठेवले नाही. त्याने ऐकून घेतले आणि माझे डोळे पुसले. "तुला वाईट वाटतंय म्हणून तू असं सांगतोस," तो म्हणाला. "मी येत जाईन ना मधूनमधून."

परवाच्या विधीची तालीम म्हणून काल त्याला होडीतून बंदराच्या टोकापर्यंत नेले. मला बरोबर घेतले नाही, मी मोडक्या धक्क्याच्या दगडांवर उभा होतो. होडी टोकाला पोचली, हलायला लागली, आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. मग तो ओरडला. "बाबा" म्हणून ओरडला. पुजाऱ्यांनी परत आल्यावर सर्वांना सांगितले की मुलाने समुद्र पाहून आपल्या बापाला हाक मारली. लोकांनी हात जोडले. मेनिदासांनीही ते लक्षात ठेवले असेल.

पुजाऱ्यांनी ऐकले ते खरे आहे. त्याने बापालाच हाक मारली. पण महोदय, तेव्हा त्याची पाठ पाण्याकडे होती. तो दोन्ही हातांनी होडीची कड धरून काठाकडे बघत होता, आणि काठावर मी होतो. वल्हे मारणाऱ्यांना विचारावे. ते माझ्या ओळखीचे नाहीत आणि त्यांना खोटे बोलायचे कारण नाही.

तेव्हापासून तो मला काका म्हणत नाही. बाबाही म्हणत नाही. काहीच न म्हणता माझ्या मागे मागे फिरतो, मी चाकावर बसलो की माझ्या पाठीला पाठ लावून बसतो.

९. आता एक गोष्ट लिहितो, ती लिहू नको असे फिलिन्नाने सांगितले होते. सासूबाईंनी लिही म्हटले.

दरवर्षी उत्सवात बैल कापण्याआधी मेनिदास आपल्या घराण्याची वंशावळ म्हणतात. आपण अमक्याचे पुत्र, ते तमक्याचे, असे चढत चढत शेवटी मूळपुरुष, आणि त्यांचे पिता पोसायडन. आम्ही कुंभार मागे उभे राहून ती ऐकतो आणि शेवटच्या नावाला सगळे मिळून जयजयकार करतो. ही वंशावळ मला आता पाठ आहे. त्या वंशावळीप्रमाणे आपण पोसायडनच्या रक्तातले आहात, आपले बंधू आहेत, आपले तिन्ही मुलगे आहेत. धाकट्याने या वर्षी माझ्याकडून मातीची शिट्टी नेली. कौलात पोसायडनच्या रक्तातला एक एवढेच आहे, भट्टीच्या आळीतला असे नाही. सभेत हात वर करून आठवण देताना माझ्या भावाला फक्त आमचे घर आठवले, आणि मेनिदासांना, ज्यांना सगळे आठवते, त्या दिवशी दुसरे काही आठवले नाही.

आपला मुलगा समुद्रात जावा असे माझ्या मनात नाही. तशी इच्छा करणाऱ्याची जीभ झडो. परंतु परवा उत्सव आहे, परवा वंशावळ म्हटली जाईल, आणि ती झाल्याबरोबर होडी सुटेल. लोक दरवर्षी ऐकतात तशीच ती या वर्षीही ऐकतील, याची खात्री मला देता येत नाही. मी मागे उभा असेन, आणि मला रडताना पाहून शेजारचा विचारेल, तेव्हा मी काय सांगू?

यातून वाट एकच आहे असे माझ्या अल्प बुद्धीला वाटते. आपल्या घराण्याविषयी जे म्हटले जाते ते मानाचे बोलणे आहे. माझ्या सासूबाई चुलीपुढे बोलल्या ते भीतीचे बोलणे होते. देवाला दोन्हींतला फरक कळत असेल, आणि दोन्हींत त्याचे रक्त नाही हेही कळत असेल. आपण गावापुढे एवढे म्हणालात की आपल्या पूर्वजांना पोसायडनचे म्हणतात ते म्हणण्यापुरते, तर माझ्या मुलाचेही तसेच होईल. आपली उंची त्याने कमी होणार नाही. कदाचित थोडी कमी होईल. मला वाटते मुलगा असलेला माणूस ती सोसू शकतो.

आपणही आपल्या मुलांना दहाव्या दिवशी उचलले असेल. मूल तेव्हा हातात धड मावत नाही, मान कलंडते, धावता धावता ते निसटेल की काय अशी भीती वाटते. तेव्हा खाली हात कुणाचे होते? आपलेच ना? पोसायडन काही आला नव्हता. मला ती भीती मिळाली नाही, महोदय. माझ्या वाट्याची ती राहून गेली आहे.

१०. तरी विनंती की,

(अ) उद्या साऱ्या गावाच्या नगरचुलीपुढे, सर्वांसमक्ष, मला माझा मुलगा उचलून चूलफेरी घेऊ द्यावी. तो आठ वर्षांचा आहे, अंगाने भरलेला आहे, आणि माझी पाठ पूर्वीसारखी राहिलेली नाही. मी पडेन. पडलो तर उठून पुन्हा धावेन. दहावा दिवस टळून गेला हे मला मान्य आहे. वारा माझ्या हातात नव्हता, आणि तो ज्याच्या हातात आहे त्याच्याच नावावर मुलगा लावला गेला, याचाही विचार व्हावा.

(आ) तसे नियमात बसत नसेल, तर मेनिदासांना सासूबाईंचे ते शब्द विसरण्याची आज्ञा व्हावी. विसरणे त्यांना जमते, हे माझ्या तीन अर्जांवरून सिद्ध आहे.

(इ) तेही होत नसेल तर धक्क्यासाठी माझी भट्टी, चाक, भाजलेले आणि कच्चे सर्व रांजण घ्यावेत. रांजणांत दगड भरून पाया घालता येतो, त्यासाठी लागतील तितके मी मरेपर्यंत फुकट करून देईन.

(ई) आणि यांतले काहीच होत नसेल, तर परवाच्या होडीत मला घ्यावे. मी देवाच्या रक्तातला नाही, म्हणून मुलाच्या जागी चालणार नाही, असे उत्तर येईल हे धरून चालतो. जागी नको, बरोबर घ्यावे. मलाही पोहता येत नाही. मी रांजणासारखा सरळ खाली जाईन, कुणाला त्रास देणार नाही. त्याला पाण्याची भीती वाटते आणि खाली उतरताना कुणीतरी हात धरलेला असावा, एवढ्याचसाठी.

देव नकार देत नाही. बाईची शपथ चालत नाही. म्हातारीचे मागचे शब्द धरले जातात, पुढचे धरले जात नाहीत. माझे म्हणणे कुठेच नोंदलेले नाही. राहता राहिले आपण. आपण एक शब्द बोललात तर तो मेनिदासांच्या लक्षात राहील, कारण मोठ्यांचे शब्द त्यांच्या लक्षात राहतात. तो शब्द उद्या सूर्य बुडायच्या आत बोलावा. त्यानंतर बोललात तर तोही दहाव्या दिवसानंतरचा होईल.

आपला नम्र, आणि नम्रपणाच्या अखेरच्या टोकाला आलेला,

ओनासोस
मिक्कोसचा बाप
(अंगठा नव्हे, सही आहे, मातीच्या हाताने केल्यामुळे तशी दिसते.)

पोसायडनच्या महिन्यात, उत्सवाला दोन दिवस राहिले असताना.

सोबत जोडले आहे:

१. दूध पाजायची चोचीची वाटी, मातीची, मी परतल्यावर पहिल्यांदा केलेली. चोचीवर दातांच्या खुणा आहेत, त्या मुलाच्या आहेत.

२. सासूबाई निकासो यांची कापलेली वेणी. त्यांची शपथ चालत नाही, म्हणून केस पाठवले आहेत. पांढरे आहेत, पण त्यांचेच आहेत.

३. मातीचा बैल, मुलाने केलेला. शिंगे वाकडी आहेत. माझ्या भट्टीतल्या कुठल्याही बैलाशी ताडून पाहावे, माझ्याही बैलांची तशीच असतात.

४. मुलगा. पाहणीसाठी, पहारेकऱ्याबरोबर. दाराशी उभा आहे. पायऱ्या चढून दमला असेल, त्याला प्यायला पाणी द्यावे, पण पेल्यातून द्यावे, समोर घागर ओतू नये, तो घाबरतो. आपण त्याला बापाचे नाव विचारावे आणि तो काय सांगतो ते स्वतः ऐकावे. मी त्याला काही पढवलेले नाही. पाहणी झाल्यावर वरील तीन वस्तू आपल्याकडेच राहिल्या तरी चालतील. चौथी परत मिळावी.